दोन वीत जास्त खोल

केझाया लंटने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि ती पाण्याच्या पुढे धावत सुटली. तिच्यामागून नव्याने खणलेल्या पाटाच्या काठाने अख्खी वस्ती पळत होती. सकाळीच वर ओढ्यावरचं दार उघडलं होतं. संध्याकाळपर्यंत पाणी गव्हाला पोचलं नाही, तर गाड्या जुंपून युटामधलं हे कोरडं खोरं सोडायचं, असं वस्तीचे प्रमुख असलेल्या बिशपनी सांगून टाकलं होतं. गव्हाने माना टाकल्या होत्या. आणि पाटाची रेघ आखली होती केझायाने, दुधाच्या पसरट भांड्यात पाणी भरून, त्याची पातळी पाहत पाहत.

"सिस्टर लंट, पुढे टेकाडाच्या वळणाला तुमचा पाट चढावर जातो!" अमासा ग्रो धापा टाकत ओरडला; त्यांच्या पंथात सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत. "पाण्याला शिडी लावणार की काय?"

"चढ तुमच्या डोळ्यांत आहे, ब्रदर ग्रो. माझ्या भांड्यात नव्हता!"

तेवढ्यात पाणी थांबलं. टेकाडाच्या अलीकडेच, ऑर्सन टिडवेलच्या वाट्याच्या तुकड्यात. ज्याची जेवढी जमीन, तेवढा पाट त्याने खणायचा, असं ठरलं होतं. तिथे पाणी नुसतं पसरून राहिलं.

अमासाने फावडं उगारलं. "बांध फोडा! खालचा मका तरी वाचवू."

मका मूठभर; बांध फोडला की गहू गेला. केझायाने पाटात उडी घेतली. एवढा वेळ सगळीकडे गुडघाभर असलेला पाट इथे मांडीला लागला.

"ब्रदर टिडवेल, किती खणलंत?"

ऑर्सन लालबुंद झाला. "दोन वीत जास्त. देवाच्या कामात मोजूनमापून कसं खणायचं?"

"अहो, माप देवाने नाही, मी दिलं होतं!"

लोक हसले, पण बिशपनी उन्हाकडे पाहिलं. केझाया बांधाला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. "खड्डा भरू दे. भरल्यावर पुढे नाही गेलं, तर आधी माझ्यावर फावडं चालवा."

पाणी मांडीच्या वर आलं. कमरेला लागलं. वर तरंगणारा काडीकचरा आधी गरगर फिरला, मग हळूच टेकाडाकडे निघाला.

"चढतंय! अरे, चढतंय!" अमासाच सर्वांत मोठ्याने किंचाळला.

पाणी वळणावरून गेलं आणि गव्हात शिरलं. भेगाळलेली जमीन बुडबुडत ते पिऊ लागली. घटकाभरात अमासा आणि ऑर्सन एकमेकांच्या अंगावर धावले.

"पाण्याची पहिली पाळी माझी!"

"तुझी? मी दोन वीत जास्त खणलंय!"

चिखलाने माखलेल्या केझायाने अमासाच्या हातातलं फावडं हिसकावलं. "शेवटच्या शेतापासून सुरुवात, म्हणजे कुणी कोरडं राहणार नाही," ती म्हणाली आणि स्वतःच दारं धरून पाणी वळवायला निघाली.