लवकर उरकलं की मोकळं

सोमवारी लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, त्यामुळे बायकांना बोलायला उसंत नसते. तरी त्या बोलतातच. हात चादरींच्या कडा जुळवत असतात आणि तोंड आपलं काम करत असतं.

"आज संध्याकाळी चिंगीला मागणी घालायला माणसं येणार आहेत," इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असलेली सून म्हणाली. चिंगी म्हणजे तिची नणंद. दहावीत शिकणारी, नुकतंच सोळावं लागलेली. सून स्वतः एकोणीस वर्षांची आणि तिचा मुलगा तीन वर्षांचा. हिशोब कुणीही करावा.

"बरं झालं बाई," शेजारची म्हणाली. चालता चालता पळते म्हणून तिला सगळ्या तुरतुरी म्हणत. विशीतच तिला दोन मुलं होती. "लवकर उरकलं की मोकळं. पोरं मोठी होतील तेव्हा आपण तरण्याताठ्या!"

"मोकळी कसली?" चष्मेवाली म्हणाली. तीही सतराव्या वर्षी आई झालेली. "तुझी लेक तुझ्या वळणावर गेली तर बत्तिशीत आजी होशील. बत्तिशी शाबूत असतानाच!"

तिघी खो खो हसल्या. हसताना तिघींनीही गुडघे एकमेकांवर घट्ट दाबून धरले. ते एकीचं दुसरीच्या लक्षात आलं नाही, कारण जी ती आपल्यातच होती.

दुपारी उकळत्या पाण्याचं मशीन मध्येच बंद पडलं. मिस्त्रीने दार उघडलं आणि आतलं सगळं धुणं ओढून टेबलावर टाकलं. पांढऱ्या चादरींत जुन्या कपड्यांच्या छोट्या घड्या होत्या. काही निळ्या परकराच्या, काही चौकडीच्या शर्टाच्या, काही फुलाफुलांच्या झबल्याच्या.

"ही फडकी कुणाची? हॉटेलची नाहीत," मिस्त्री म्हणाला.

तिघींनी माना चादरींत घातल्या. मग चष्मेवाली म्हणाली, "टेबल पुसायची आहेत. राहू द्या तिथे."

मिस्त्री मशीनच्या मागे गेला. तिघींचे हात एकदमच पुढे झाले आणि प्रत्येकीने आपापल्या घड्या उचलल्या. रोज जी ती बाकीच्यांची पाठ वळली की आपलं फडकं मशीनमध्ये टाकत होती आणि तशीच काढून घेत होती.

"तुला पण?" तुरतुरीने विचारलं.

"शिंक आली की. हसलं तरी," सून म्हणाली.

"मला गठ्ठा उचलला की."

"मला काही लागतच नाही," चष्मेवाली म्हणाली. "आपोआप होतं. पहिल्या बाळंतपणात दोन दिवस अडले होते, तेव्हापासून. आई म्हणाली, सगळ्यांना होतं, वर्षात जाईल."

गेलं का, असं कुणी विचारलं नाही. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची सासू साखर लपवते, हे त्यांना एकमेकींचं तोंडपाठ होतं. एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सून घरी पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीत चिंगीला मागणी घालणाऱ्या मुलाची आई येऊन बसली होती. सासूने बशीत बिस्किटं मांडली होती. सुनेचा नवरा दाराशी उभा होता. चिंगी शाळेच्याच कपड्यांत भिंतीला टेकून बसली होती.

"मला परीक्षा द्यायची आहे," चिंगी म्हणाली.

"परीक्षा काय, तिकडे जाऊनही देशील," मुलाची आई हसून म्हणाली. "आम्ही काय तुला खाणार आहोत? फक्त थांबायला सांगू नका हो. मला घरात नातवंड हवंय."

मुलगी अशी अडून बसली की या लोकांत एक उपाय ठरलेला असतो. तिच्याच वयात आई झालेली एखादी हसरी बाई तिच्यासमोर बसवतात, त्या बाईचं गुटगुटीत मूल तिच्या मांडीवर देतात आणि म्हणतात, विचार हिला. सुनेला शेजारपाजारी दोनदा असं नेलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "काही होत नाही गं." दोन्ही लग्नं झाली.

आज तर घरचंच काम होतं. सासूने नातवाला उचलून चिंगीच्या मांडीवर ठेवलं.

"वहिनीला विचार ना! तुझ्याच वयात झाला हा. काय बिघडलं तिचं? सांग गं हिला."

सून उभीच राहिली. मुलगा आत्याच्या वेणीशी खेळू लागला.

"सांगते," ती म्हणाली. "चिंगे, हा झाला तेव्हा मला फाडून काढावा लागला. टाके पिकले. उठता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. आणि गेली तीन वर्षं मला लघवी धरता येत नाही. आत्ताही कपडा लावूनच उभी आहे."

"अगं ए! पाहुण्यांसमोर?" सासू ओरडली.

"पाहुण्यांसमोरच विचारलंत ना, आई? काय बिघडलं म्हणून?"

"बाईच्या जातीला असतंच हे," मुलाची आई पदर सावरत म्हणाली. "असं बोलून दाखवायचं नसतं."

"बोललो नाही म्हणूनच 'असतंच' असं वाटतं. आमच्या टेबलावर तिघी आहोत. तिघींना आहे. माझं मूल मला प्यारं आहे. पण ते चिंगीला दाखवून तिला फसवायला मी त्याला जन्म दिलेला नाही."

मुलाची आई उठली. "तुमच्या सुनेला आधी दवाखाना दाखवा. असल्या आजारी घरातली मुलगी आम्हाला नको." तिला चिंगीची दया आली नव्हती. पुढच्या गल्लीत दुसरी पंधरा वर्षांची मुलगी होती, आणि तिला 'काही होत नाही' सांगणारी दुसरी कुणी सापडणार होती.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत लाज घालवलीस. मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मी रात्री चारदा उठते, तुम्ही कूस बदलून झोपता."

तो चपला घालून बाहेर गेला. तीन वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचं दुखणं पाहुणी आल्यावर कळावं, असे पुरुष थोडे नाहीत. काहींना तर तेव्हाही कळत नाही आणि मग विचारायला माणूसच उरत नाही.

सासू स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळत होती. "चांगलं चालत आलेलं स्थळ घालवलं. पोरीचं नशीब फोडलं." सून भाजी चिरायला बसली. मग भांड्यांचा आवाज थांबला.

"डॉक्टरला दाखवलं तर बरं होतं का गं ते?" सासूने भिंतीकडे बघत विचारलं.

सुनेचा हात विळीवरच थांबला. सासूचा थोरला, म्हणजे सुनेचा नवरा, बावीस वर्षांचा होता. सासू अजून चाळिशीचीही नव्हती.

"बावीस वर्षं?" सून म्हणाली. सासूने भिंतीकडे बघतच मान हलवली. सुनेला दया यायला हवी होती, पण तिला संताप आला. "तुम्ही हे सगळं भोगलंत आणि तरी पोटच्या पोरीला ढकलत होतात? मलाही आणलंत सोळाव्या वर्षी! का?"

सासूने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला वाटलं, सगळ्यांचं नीट होतं," ती म्हणाली. "माझंच तेवढं बिघडलं."

बाहेरच्या खोलीत चिंगी मुलाला आकडे शिकवत होती. तो पाचानंतर सात म्हणत होता आणि ती त्याला परत मागे नेत होती.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चला," सून म्हणाली. "लाँड्रीतल्या दोघींनाही नेते. आणि चिंगीची परीक्षा होऊ द्या. पुढचं स्थळ आलं की मी पुन्हा हेच बोलणार आहे. तुमच्याबद्दलही बोलेन."

सासूने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि चिंगीला हाक मारली, "अभ्यास झाला का गं? झाला नसेल तर कर. पोराला माझ्याकडे दे."