अरबी समुद्र नसलेला गोल

घाटकोपरच्या त्या गाळ्यात शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनत, आणि बिघडलेले गोल छताला टांगले जात. आज गाळ्याचा मालक सुयोग शिडीवर चढून ते एकेक उतरवत होता. या महिन्यात निवृत्त होणाऱ्या जयंतीताई खाली उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

“ताई, उद्या शाळेचे ट्रस्टी येतायत. हे भंगार बघितलं तर ऑर्डरची वाट लागेल.”

“लागली तर तीही टांगू रे वर,” प्रेमा खळ ढवळता ढवळता म्हणाली.

सुयोगच्या हातात आता सगळ्यांत जुना गोल आला. त्याच्यावर अरबी समुद्रच नव्हता. जयंतीताईंना मोरचूद घातलेल्या खळीचा तो जुना वास आला. त्या कामाला लागल्या त्या दिवशी सुयोगच्या वडिलांनी, विद्याधरकाकांनी, हाच गोल त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

“हा माझा,” ते म्हणाले होते. “ गोलावर चिकटवायच्या नकाशाच्या कागदी पाकळ्या जास्त भिजवल्या, त्या फुगल्या, आणि शेवटच्या पाकळीला जागाच उरली नाही. आता मुंबईहून मस्कतला बेस्टच्या बसने जा!”

मग शेजारी बसून त्यांनी पाकळी भिजवायला शिकवलं होतं. गाळ्याचा रिवाजच तो. ज्याचा गोल बिघडेल त्याने तो स्वतः टांगायचा आणि पुढच्या नव्या माणसाला तेच काम शिकवायचं. ‘खड्डा कुठे आहे ते पडलेल्यालाच ठाऊक,’ काका म्हणायचे. काका गेले. आता आपणही निघालो. मग इथे कोण कुणाला सांगणार, कसं बिघडतं ते?

तो गोल हातात घेऊनच सुयोग खाली उतरला आणि उतरवलेले गोल भरायला त्याने कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली एक ओला, सुरकुतलेला गोल दडवलेला होता.

“हा कुणाचा?”

नवी आलेली गंधाली उठून उभी राहिली. “माझा, सर.”

“लपवलास कशाला? कामाचा व्हिडिओ पाठवला होता ना मी?”

“व्हिडिओत बिघडतच नाही काही.” तिने शिडीकडे पाहिलं. “आणि तुम्ही बिघडलेले काढून टाकताय. वाटलं, मलाही काढाल.”

सुयोगने वडिलांचा गोल हातात फिरवला. मुंबईला खेटलेल्या मस्कतवर त्याचा अंगठा थांबला.

“काय झालं होतं?” त्याने विचारलं.

“पाकळ्या भिजत टाकल्या आणि आईचा फोन आला.”

“बोलत बसलीस?”

“भांडत बसले.”

प्रेमा फसकन हसली. “तरीच ऑस्ट्रेलिया दुमडलाय!” मग गंधालीही हसली.

सुयोग शिडीवर चढला, वडिलांचा गोल होता तिथेच अडकवला आणि खाली उतरला.

“ताई, ट्रस्टींनी विचारलं तर?”

“गंधाली सांगेल की. कसं बिघडतं ते तिला आता ठाऊक आहे.”

सुयोगने सुतळीचा तुकडा तोडून गंधालीच्या हातात दिला.

“चढ. मी शिडी धरतो.”