न पाहता ‘छान’ म्हटलेला फोटो

मी एक जुना फोटो आहे. हसू नका, मित्रांनो! माझं वय जेमतेम महिनाभर. पण ईमेलला जोडलेला फोटो चार दिवसांतच जुना होतो.

माझा जन्म नागपुरात, चेतनाच्या मोबाइलमध्ये झाला. माझ्यात धम्मदीप आहे आणि त्याच्या खांद्यावर बसलेली त्याची चिमुरडी गंधाली. तिची आई आता नाही. गंधालीच्या एकाच पायात चप्पल आहे. दुसरी कुठे पडली देव जाणे. चेतनाला धम्मदीपशी लग्न करायचं होतं, पण बाबांचं मन मोडून नाही. म्हणून तिने रायपूरला बाबांना लिहिलं, “बाबा, मले जे तोंडानं सांगता येत नाही, ते फोटोत आहे. नीट पाहा, मगच सांगा.” मला जोडलं आणि धाडून दिलं.

मी मोठ्या ऐटीत रायपूरच्या चौबे कॉलनीत पोचलो आणि दारातच धरला गेलो. चेतनाचे बाबा दयाराम रेल्वेतून निवृत्त झालेले. खोट्या ईमेलांनी कुणी त्यांना फसवू नये, म्हणून भिलाईला नोकरी करणाऱ्या राकेशने, त्यांच्या मुलाने, संगणकावर सुरक्षेचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. सेटिंग सगळ्यात कडक. हा पहारेकरी मजकूर तेवढा आत सोडी आणि जोडलेलं सगळं कोंडून ठेवी. माझ्या शेजारी बुद्धजयंतीचं आमंत्रण पडलं होतं. कार्यक्रम होऊन गेला, तरी बिचारं वाट पाहत होतं. खोट्या ईमेलमधून आलेला एक खरा भामटाही आमच्यात होता. त्याच्यामुळे आम्ही सगळेच चोर ठरलो.

दयारामांना वाटलं, पोरगी घाईत फोटो जोडायला विसरली. विचारलं तर ओशाळेल. फोटो मुलाचाच असणार आणि तिने निवडलेला मुलगा चांगलाच असणार, असं म्हणून त्यांनी लिहून टाकलं, “छान आहे.” मित्रांनो, न पाहता केलेली स्तुती किती झोंबते, ते मला विचारा!

त्या उत्तरावर चेतनाने धम्मदीपला होकार दिला. मग तिचा फोन आला. दयाराम संगणकापाशीच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

“जय भीम, बाबा. रविवारी आमी तिघं येऊन राहिलो.”

“तिसरं कोन?”

“गंधाली. फोटोत होती ना, बाबा. तुमी तर छान म्हटलं!”

दयाराम हळूच म्हणाले, “बेटा, फोटो आलाच नाही. तुले वाईट वाटन म्हणून मी तसंच लिहून देल्लं.”

“मंग मी कायच्या भरोशावर हो म्हटलं, बाबा?” चेतनाने विचारलं. “आधी फोटो पाहा. पाहून नाही म्हटलं, तर आमी येत नाही.”

चेतनाने कळवल्यावर त्याच संध्याकाळी राकेश भिलाईहून आला.

“बाबा, सेटिंग जादाच टाइट झाली होती,” तो खजील होऊन म्हणाला. त्याने भामट्याला पुसून टाकलं, बहिणीचा पत्ता ओळखीच्यांत घातला आणि कडकपणा थोडा उतरवला. पहारेकऱ्याला मात्र ठेवलं. मग मला सोडवलं.

दयारामांनी चष्मा पुसायला घेतला. ते पुसेपर्यंत तुम्हाला एक सांगून घेतो, मित्रांनो. पहारा हवाच, पण कोंडलेल्यांत आपलं कुणी अडकलंय का, हेही अधूनमधून बघत जा. आणि दिसलं नाही, तर दिसलं नाही म्हणा. त्यात लाज कसली?

चष्मा चढला. दयारामांच्या पत्नी शांताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हे पोट्टी त्याची?” शांताबाईंनी विचारलं.

“हव. माय नाही तिले. ताईनं सांगितलं मले,” राकेश म्हणाला.

दोघांनी मला नीट पाहिलं. मग दयारामांनी एका बोटाने उत्तर लिहायला घेतलं.

“छान आहे. पाहून लिहून राहिलो. पोट्टीच्या पायात एकच चप्पल दिसते. माप पाठव. आई उद्या गोल बाजारात चालली.”