शालिकरामांचं बोट आणि माझा फवारा

मित्रांनो, मी एक जुना इंजेक्टर आहे. नाव भारी, पण काम एकच: इंजिनात डिझेलचा फवारा मारायचा. नागपूरच्या एका मालवाहू टेम्पोत आम्ही चार भाऊ राहतो. लकडगंजातून पोती भरून उमरेडला आम्ही किती खेपा केल्या, देव जाणे. मागून दाब आला की मी फवारतो, नाही आला की गप्प. माझ्या मनाचं काही चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे मालक शालिकराम. पूर्वी ते हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला, टेम्पो आला, पण बोटांची सवय गेली नाही. सुतातली गाठ त्यांना दिसायच्या आधी बोटाला लागायची. आता नटाचा आटासुद्धा ते बोट फिरवूनच पाहायचे. त्यांची बायको जयवंताबाई हसायची, "देवानं डोये कायले देले तुमाले?"

यंदा टेम्पो काळा धूर ओकू लागला. दोष आमचाच, तोंडाशी काजळी साचली होती. शालिकरामांनी आम्हाला अंगणात काढलं, डिझेलमध्ये भिजवलं, पितळी ब्रशनं हळुवार घासलं. आमच्या प्रत्येकाच्या पोटात तोंड बंद ठेवणारी एक सुई असते; एकाची सुई दुसऱ्याच्या अंगात जाऊ नये म्हणून चौघांना चार वेगळ्या वाट्या दिल्या. अहाहा, इतके लाड माझे कोणी केले नव्हते!

मग फवारा तपासायला त्यांनी मनोहरराव मिस्त्रींचा डिझेल दाबायचा हातपंप आणला. मिस्त्रींनी देतानाच बजावलं होतं, "समोर हात नको आणू गा. चामड्यातून आत घुसते हे."

मला पंपाला आवळून बसवलं. दांडा खाली आला, मी चर्र आवाज करत फवारलो. पण लख्ख उन्हात तो धुक्यासारखा बारीक फवारा त्यांना नीट दिसेना. सारखा पडतो की एका अंगाला, हे कळेना. आणि त्यांचं बोट पुढे आलं, सुताला लावावं तसं.

अहो, नका ना! पण दुसऱ्या हातातला दांडा खाली आलाच. माझी सुई उचलली गेली, तोंड उघडलं आणि डिझेल त्यांच्या बोटात शिरलं.

"काय झालं वो?" जयवंताबाईंनी विचारलं.

"काई नाई वं. मुंगी चावल्यावानी झालं."

रक्त नाही, दुखणं नाही. नुसतं एक टिंब. बाईंनी हळद दाबली. शालिकरामांनी आम्हाला परत बसवलं, टेम्पो पहिल्याच चावीला सुरू झाला आणि ते खुशीत उमरेडच्या खेपेला निघाले. मी आत जळत होतो, ओरडता येत नव्हतं.

परत येईपर्यंत बोट टम्म फुगलं होतं.

"दवाखान्यात काहून नाई चालत?" बाई चिडल्या.

"एवढ्याशा टिंबाले कोनी दवाखान्यात जाते काय? सकाळी पाहू."

सकाळी त्यांना चावीसुद्धा धरता येईना. मनोहररावांनी टेम्पो दवाखान्याकडे हाकला. मी जीव तोडून फवारलो, दुसरं काय करणार होतो? दुपारी बाई एकट्याच येऊन टेम्पोत बसल्या आणि रडू लागल्या. "बोट कापा लागलं, भाऊ. डॉक्टर म्हनते, कालच आनलं असतं तर वाचलं असतं."

महिन्याभराने शालिकराम आले, बॉनेट उघडून उभे राहिले. वाटलं, आता मला भंगारात टाकतील. टाकावंच, असंही वाटलं.

"तुहं काय चुकलं गा," म्हणाले आणि पुसायचं फडकं घेतलं. मित्रांनो, शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून सांगतो. आम्हाला घरी धुवा, तपासा, पण फवाऱ्यासमोर हात आणू नका. चुकून टिंब उठलंच, तर दुखायची वाट पाहू नका. तसेच उठा आणि डॉक्टरांना सांगा की डिझेल आत गेलंय. मी तर पंपाला आवळलेला असतो, मला मागे सरता येत नाही. तुम्हाला येतं.