मुलतानी मातीतले दात

"रोशनबी, तू मातीत मासं कालवतीस व्हय गं?"

धोंडुबाईनं दुधाची चरवी उंबऱ्यावर टेकवली आणि हे असं विचारलं. ती उचगावची. रोज सकाळी डोक्यावर दूध घेऊन कोल्हापुरात यायची, आधी महाद्वाराजवळच्या दुकानदारांना घालायची आणि शेवटी रविवार पेठेत शमशुद्दीनच्या घरी. बोलणं तोंडावर, पण पोटात काही नसायचं.

रोशनबी तापातून उठून नुकतीच परातीशी बसली होती. "कोण म्हणतंय?"

"तुझा दाल्लाच म्हणतोय की. काल गणपतरावाच्या दुकानात सगळ्यांम्होरं म्हणाला. बायकू जरा येडी हाय, घरात माशाच्या दातांनी खेळती, तेच पडलं असतील मातीत. मी तितंच हुतो, दूध घालत."

रोशनबीच्या हातातलं फडकं परातीत पडलं. धोंडुबाईनं दूध मापलं, तिच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि न रेंगाळता निघून गेली.

शमशुद्दीनचा धंदा मुलतानी मातीचा. गादीवर शाहू महाराज होते, गावात आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्या गाडीनं मारवाडाकडची पिवळसर माती पोत्यांनी ठेसनावर उतरायची. शमशुद्दीन ती घरी आणायचा. पुढचं सगळं रोशनबीचं. ढेकळं भिजवायची, लोण्यासारखी मऊ झाली की मांजरपाटाच्या फडक्यातून गाळायची, खाली बसलेल्या गाळाच्या वड्या थापून उन्हात वाळवायच्या. निम्म्या गावातल्या बायका त्या वड्यांनी केस धुवायच्या, आणि त्यातल्या बहुतेक वड्या गणपतरावांच्या दुकानातून जायच्या.

फडक्यावर उरायची ती कच. सगळे ती फेकून देतात. रोशनबीही द्यायची. एकदा त्या कचीत काहीतरी चमकलं म्हणून तिनं ते नखावर घेतलं. तांदळाच्या कणीएवढं, काळं, तीन कोनांचं, आणि इतकं गुळगुळीत की घडवल्यासारखं. टोक बोटाला टोचलं. त्या दिवसापासून तिनं कच फेकली नाही. दुपारी भांडी आटोपली की ती पितळी ताटलीत कच पसरायची, पाणी घालून हलकं हलकं फिरवायची, माती वाहून जाऊ द्यायची आणि उरलेलं झाडूच्या काडीनं एकेक दाणा सरकवत बघायची. कधी चार दिवस काही मिळायचं नाही. कधी एकाच ताटलीत तीनतीन. काही टोकदार, काही बटणासारखे गोल, काही चपटे आणि घासलेले.

हे काय आहे ते तिला कुणी सांगितलं नाही. गगनबावड्याच्या घाटानं कोकणातली सुकी मासळी बाजारात येते. तिथं अंबूबाई कोळणीच्या टोपलीत एक खारवलेली मोरी, शार्कच्या जातीची मासळी, तोंड उघडून पडली होती. रोशनबी ते तोंड बघून थबकली. तिनं मोरीचं टाळकं मागून घेतलं, घरी आणून गरम पाण्यात सोलवटलं आणि त्यातला एक दात आपल्या काळ्या दाण्याशेजारी ठेवला. एक पांढरा, एक काळा. घडण एकच. तिनं सासूला, लालबीला, हाका मारून बोलावलं. लालबीला नीट दिसत नव्हतं, तिनं दोन्ही दात बोटांनी चाचपून बघितले आणि म्हणाली, "अल्लाची करणी. कुठला समुद्र आणि कुठली ही माती!"

शमशुद्दीन तेव्हा हसला होता. पण पावणं आलं की तोच तिची दातांची डबी काढायला लावायचा. "आमच्या हिची नजर बघा," म्हणायचा. "पोतंभर मातीत मुंगीएवढा दात हुडकती." रोशनबी पदराआड हसायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं तिचं असं कौतुक दुसऱ्या कशासाठी केलं नव्हतं.

आणि आता त्याच दातांवरून तो तिला चारचौघांत येडी म्हणाला होता.

झालं होतं ते तिला लालबीकडून आणि गल्लीतल्या बायकांकडून दुपारपर्यंत कळलं. ती तापानं पडली होती तेव्हा गणपतरावांचा निरोप आला, माल संपलाय. शमशुद्दीननं माती गाळलीच नाही. भिजवली, थापली, वाळवली आणि पाठवून दिली. कुठल्याशा सोवळ्याच्या घरातल्या म्हातारीच्या डोक्याला न्हाताना काहीतरी टोचलं. तिनं ते काढून बघितलं आणि ओळखलं. दात. गणपतराव भडकले. हाडांचा चुरा घालून वजन वाढवतोस काय, असं त्यांनी शमशुद्दीनला दुकानात उभं करून विचारलं. त्यावर शमशुद्दीननं ते उत्तर दिलं.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा चूल पेटली नव्हती.

"माती न गाळता दिलीत ते सांगितलं न्हाय गणपतरावाला?" रोशनबीनं दारातच विचारलं.

शमशुद्दीन पायातल्या वहाणा काढत थांबला. "कोण म्हणालं तुला?"

"मी इचारलं काय नि तुम्ही सांगताय काय!"

"अगं, मग काय सांगणार हुतो? मी कामचुकारपणा केला म्हणू? गिऱ्हाईक तुटलं असतं."

"म्हणून मला येडी केलीत?"

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "बाईमाणसाला चार दिस हसतील नि इसरतील. माझं नाव गेलं तर धंदा जातोय."

रोशनबी ओरडली असती तर मोकळी झाली असती. बारा वर्षं हातांची सालं निघेपर्यंत तिनं ती माती मळली होती, आणि नाव म्हणे त्याचं. आतून लालबी कडाडली, "शम्शू, लाज न्हाय व्हय रं तुला? ती तापात पडलेली, नि तू तिच्या डोक्यावर खापर फोडून आलास?" शमशुद्दीन उपाशीच झोपला. रोशनबीनं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो ठेसनाकडं गेला तशी तिनं केरबा हमालाला बोलावलं. शिवण न उसवलेलं एक पोतं त्याच्या पाठीवर दिलं, फडकं आणि ताटली काखेत घेतली, डोक्यावरून पदर घट्ट ओढला आणि त्याच्या मागून चालत महाद्वाराजवळचं गणपतरावांचं दुकान गाठलं. दूध घालायला आलेली धोंडुबाई तिला बघून तिथंच थांबली.

गणपतराव गादीवरून अर्धे उठले. "बाई, तुम्ही कशाला आलात? शमशुद्दीनला पाठवायचं."

"त्यांनाच पाठवलं हुतं. तवाच हे झालं."

कुणीतरी हसलं. रोशनबी तिकडं वळली नाही. "हे पोतं मारवाडातनं आलंय तसं हाय. शिवण तुम्ही उसवा. ढेकूळ तुम्ही काढा. परात तुमची, पाणी तुमचं. मी नुसती धुणार. मग म्हणा मी काय कालवती ते."

गणपतरावांना नाही म्हणता येईना, कारण तोवर रस्त्यावरची माणसं दुकानाकडं वळली होती. त्यांनी शिवण उसवली, खालचं ढेकूळ ओढून काढलं. रोशनबी पायरीवर बसली. ढेकूळ पाण्यात फुटेपर्यंत वेळ लागला. तिनं ती गाळली, कच ताटलीत घेतली, पाणी फिरवलं, काडीनं दाणा दाणा सरकवला.

काही नाही.

"निघाला का मासा?" मागून एक जण ओरडला आणि गर्दी खदखदली. रोशनबीनं मान वर न करता म्हटलं, "दुसरं ढेकूळ द्या."

दुसऱ्या ढेकळात मिळाला. चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा, काळाभोर, टोक शाबूत. तिनं तो काडीवरून उचलला आणि गणपतरावांच्या तळहातावर ठेवला. पाठोपाठ एक गोल निघाला, तोही ठेवला.

"ह्यो मोरीचा दात हाय. दगड झालेला. ही माती कुठल्या तरी समुद्राच्या तळाची असणार, आणि ह्ये तिच्यात पहिल्यापासनं हायत. मी घातलेलं न्हाईत. मी आजवर ते काढत आले, म्हणून तुमच्या गिऱ्हाइकाला कधी टोचलं न्हाय. मी आजारी पडले, माती गाळली न्हाय, म्हणून टोचलं. गाळली कुणी न्हाय ते त्यांना इचारा."

गणपतरावांनी दात निरखला आणि त्यांचा चेहरा आणखीच आंबला. "म्हणजे हाड आहेच तर! सगळ्याच मातीत! मी आता सोवळ्यातल्या बायकांना काय सांगू? बाई, तुम्ही माझा धंदा बुडवलात."

"खरं सांगा," रोशनबी म्हणाली.

"खरं सांगून कुणी विकत घेतं का?"

"मी घेतो की!" धोंडुबाई मागून गरजली. "पंचगंगेत मासं जल्मत्यात न् मरत्यात, ते पाणी चालतंय व्हय सोवळ्याला? दगडाला कसला आलाय इटाळ? द्या ती माती हिकडं!" तिनं ती ओली माती खरंच पदरात घेतली. पण गणपतरावांनी त्याच दुपारी राहिलेला सगळा माल हातगाडीवर घालून रविवार पेठेत परत पाठवला.

शमशुद्दीन घरी आला तो वड्यांच्या ढिगावर अडखळतच. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बाजारात जाऊन नवऱ्याची अब्रू काढलीस, सगळा धंदा घालवलास, आता खा म्हणे ते दात! रोशनबीनं त्याला पुरतं ओरडू दिलं.

"झालं?" तिनं विचारलं. "आता माझं ऐका. जिथं उभं राहून मला येडी म्हणालात तिथंच उभं राहून म्हणा, की चूक माझी हुती. तवर मी मातीला हात लावणार न्हाय."

"मरंस्तवर म्हणणार न्हाय!"

"मग तुम्हीच गाळा."

त्यानं गाळली. पहिल्या दिवशी फडकं फाटलं. मग पाणी जास्त झालं आणि वड्या वाळताना तडकल्या. हात भेगाळले, त्यांत माती शिरली, रात्री जेवताना तिखट झोंबून तो घास खाली ठेवायचा. रोशनबी समोर बसून जेवायची आणि बघायची. तिला त्याची दया यायची, आणि दया आली की पुन्हा तितकाच राग यायचा. उचगावच्या बायका धोंडुबाईकडून निरोप धाडत होत्या, वड्या पाहिजेत, पण रोशनबीनं गाळलेल्याच. शमशुद्दीन ते निरोप ऐकायचा आणि उठून बाहेर जायचा.

पाऊस संपून उन्हं परत कडक झाली तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "चल."

तो पुढं, ती मागं, अशी दोघं महाद्वारापर्यंत गेली. दुकानात गिऱ्हाइकं होती. शमशुद्दीन पायरीपाशी उभा राहिला आणि जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," रोशनबी मागून म्हणाली.

त्यानं एकदा वळून बघितलं. मग मान वर केली. "गणपतराव, माती मी गाळली न्हवती. बायकूचा काय दोष न्हवता. मी खोटं बोललो."

गणपतराव जरा गोंधळले. मग म्हणाले, "बरं बरं. थोडा माल पाठव. पण गाळून." बस, तेवढंच. एक गिऱ्हाईक हसलं, दुसऱ्यानं शिकेकाईचा भाव विचारला.

शमशुद्दीन झपाझपा घराकडं चालू लागला. रोशनबीनं पाऊल उचललं नाही. आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. इतके दिवस लागले, हेच डोक्यात घुमत राहिलं.

घरी येऊन तिनं नवं ढेकूळ भिजवलं. दुपारी कच ताटलीत घेऊन ती दारात उजेडाला बसली. शमशुद्दीन दोनदा शेजारून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"सापडलं काय?" त्यानं हळूच विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली, आणि मूठ मिटून घेतली.

तो रिकामी घागर उचलून पाणी आणायला गेला.