मानेखालचा माणूस

सुडाने पेटलेल्या माणसाला अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही आणि जगातली कुठलीही शक्ती त्याला थांबवू शकत नाही. गोमतीनायगमना मात्र गेले अकरा आठवडे उत्तम झोप लागत होती आणि त्यांचा सूड आतापर्यंत दोनदा पुढे ढकलला गेला होता. एकदा मेव्हण्याच्या नातवाच्या जावळामुळे आणि एकदा कलेक्टरांना तारीख जमेना म्हणून.

कोइमतूरच्या मूकबधिर शाळेत ते सुतारकाम शिकवत. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. उलट दिवसभर करवतीचं यंत्र चालवूनही ज्याचं डोकं उठत नाही असा अख्ख्या शाळेत आपण एकच, याचा त्यांना थोडा गर्वच होता. गर्वाची दुसरी गोष्ट म्हणजे मिशी.

गेल्या वर्षी इंजिनियरिंग कॉलेजातले डॉ. तिरुवेंगडम शाळेत आले. व्हिडिओतल्या खुणा ओळखून त्या मोठ्याने बोलून दाखवेल असं यंत्र त्यांना बनवायचं होतं, आणि यंत्राला शिकवायला हात हवे होते. गोमतीनायगम चार महिने काळा शर्ट घालून हिरव्या पडद्यापुढे बसले. तीनशे चाळीस शब्द, प्रत्येक शब्द वीस वेळा. 'पाणी' वीस वेळा करून झालं की खरोखरच तहान लागे. ते पाणी मागत आणि समोरची मंडळी खूश होऊन एकविसावी खूण म्हणून ते नोंदवून घेत.

पाचव्या महिन्यात त्यांना संगणकावर आपला व्हिडिओ बघायला मिळाला. शर्ट होता, हात होते, हनुवटीच्या वर काही नव्हतं.

"माझा चेहरा कुठाय?" त्यांनी खुणेने विचारलं. सोबत दुभाषी म्हणून अरुळमोळी टीचर होत्या. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे त्या बोलण्याआधी खुणा शिकल्या होत्या. आठवड्यातले तीन दिवस त्या सरकारी इस्पितळात बहिऱ्या रोग्यांचं म्हणणं डॉक्टरांना सांगत.

"कापला," तिरुवेंगडम म्हणाले. "चेहरा ठेवला की यंत्र हात सोडून मिशीकडेच बघत बसतं."

"पण निम्मी भाषा चेहऱ्यावर असते! 'दुखतं' ही खूण केली आणि भुवया वर केल्या तर 'दुखतं का?' मान हलवली तर 'दुखत नाही'. हात तिन्ही वेळा तेच."

तिरुवेंगडम हसले. "मॅडम, त्यांना सांगा, आम्ही त्यांना हातांसाठी बोलावलंय. डोकं आमच्याकडे आहे."

टीचरनी ते जसंच्या तसं सांगितलं. दुभाष्याने काही गाळायचं नसतं.

बहिऱ्यांमध्ये अशी रीत आहे की माणसाचं नाव अक्षराअक्षराने घेत बसत नाहीत. त्याची एक खूण ठरवतात, आणि ती ठरवायचा हक्क इतरांचा असतो, त्याचा नसतो. गोमतीनायगमनी त्याच संध्याकाळी तिरुवेंगडमची खूण ठरवली. आडवा पंजा गळ्यावरून फिरवायचा. दोन दिवसांत ती शहरभर, उक्कडमपासून पीलमेडूपर्यंत पोचली. तिरुवेंगडमना कळल्यावर ते भारावले. खूण टायची असावी असा समज करून घेऊन ते प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला ती स्वतः करून दाखवू लागले.

पण एवढ्याने गोमतीनायगमचं समाधान होईना. त्यांना त्या माणसाची भर सभेत फजिती करायची होती. कारणही उदात्त होतं. कलेक्टरांनी पसंत केलं तर ते यंत्र इस्पितळात बसणार होतं आणि टीचरची तिथली खुर्ची जाणार होती.

"उद्या एखादा म्हणेल, छातीत दुखत नाही," त्यांनी बायकोला समजावलं, "आणि हे यंत्र त्याची छाती फाडायला लावेल!"

कनकवल्लीने शिलाई मशीन थांबवलं. तिलाही ऐकू येत नसे, त्यामुळे भांडायला दोघांचेही हात मोकळे लागत. "समाजाचं नाव पुढे करू नकोस. तू मिशीसाठी पेटलायस."

"फक्त मिशी नाही. सगळं तोंड."

"तोंडाचं बरंच झालं. मिशीतलं सांबार तेवढं कोणाला दिसलं नाही."

बेत सुताराला शोभेल असा साधा आणि घट्ट होता. यंत्र कलेक्टरांना दाखवायच्या समारंभात करायची आठ वाक्यं कॉलेजने लिहून दिली होती. हात अगदी तीच वाक्यं करतील, पण चेहरा प्रत्येक वाक्य उलटं करेल. यंत्र स्तुती वाचेल, सभागृहातले दोनशे बहिरे हसतील, कलेक्टर विचारतील, "का हसताय?" आणि टीचर सांगतील. काहीही न गाळता.

समारंभाच्या दिवशी सकाळीच उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कलेक्टर पहिल्या रांगेत होते. मंचावर कॅमेरा, मागे मोठा पडदा.

'मी सुतार आहे,' हे वाक्य गोमतीनायगमनी सरळ केलं. पडद्यावर तशीच अक्षरं उमटली. टाळ्या पडल्या.

'हे यंत्र चांगलं आहे.' हातांनी हे म्हणताना त्यांनी ओठ लोंबवून ठाम मान हलवली. पडदा म्हणाला, हे यंत्र फार चांगलं आहे. बहिऱ्यांच्या रांगांतून हसू फुटलं. 'यंत्राला आमची भाषा कळते,' याला त्यांनी भुवया केसांपर्यंत नेल्या. 'डॉक्टर हुशार आहेत,' हे त्यांनी नासका मासा हुंगावा तशा चेहऱ्याने केलं. कनकवल्ली डोळे पुसू लागली. दोनशे माणसांनी हात वर करून पंजे हलवले, बहिऱ्यांची टाळी ती.

कलेक्टर सद्गदित झाले. "काय आनंद झालाय बघा हो यांना!"

तिरुवेंगडमनी गळ्यावरून पंजा फिरवून सभेला अभिवादन केलं. बहिरे खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मंचाच्या कडेला टीचर सज्ज उभ्या होत्या, पण त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं.

गोमतीनायगमच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तिरुवेंगडमविषयीचं आपलं खरं मत नुसत्या चेहऱ्याने, सविस्तर मांडलं.

पडद्यावर आलं, 'आम्हाला आवाज दिल्याबद्दल आम्ही डॉक्टरांचे कायमचे ऋणी आहोत.'

त्यांनी चमकून मागे पाहिलं. हात अजून खिशातच होते. पडद्यावर आणखी एक ओळ आली, 'सर्वांना वणक्कम.' ऐकणारी मंडळी पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. पडदा असताना माणसाकडे कोण बघतं? ते मुकाट्याने खुर्ची ओढून बसले.

कलेक्टरांनी यंत्र तिथल्या तिथे मंजूर केलं. ते इस्पितळात बसेल आणि रोग्यांना नीट वापरता यावं म्हणून शेजारी अरुळमोळी टीचर बसतील, आठवड्यातले सहाही दिवस.

नंतर केळ्याची भजी आणि कॉफी होती. गोमतीनायगमनी टीचरना खांबाआड गाठलं.

"माझे हात खिशात होते. मग ते बोललं कसं? चेहरा वाचायला शिकलं की काय?" विचारताना त्यांच्या भुवयांत भीती होती, आणि थोडी आशाही.

"ते कालच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं, अण्णा."

"म्हणजे आज मी त्याला एकदाही चकवलं नाही?"

"आज त्याने तुम्हाला पाहिलंच नाही."

"हातसुद्धा?"

टीचरनी मंचाखालच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे विजेचा एकच पॉइंट होता, आणि कॅमेऱ्याची पिन काढून त्यात कलेक्टरांचा पंखा लावलेला होता.