गुप्त मतदान आणि ज्योतीरामची म्हैस

पिंपरीच्या कंदिलाच्या कारखान्यात सत्तावन्न साली युनियनची निवडणूक झाली. ती इतकी गुप्त झाली, की देहूरोडच्या लष्करी दारूगोळावाल्यांनी येऊन शिकून जावं.

तेव्हाच्या सरकारी निवडणुकीसारखीच, उमेदवारागणिक वेगळा डबा, अशी सगळी तजवीज होती. गोणपाटाचा पडदा, पडद्यामागे रॉकेलचे दोन रिकामे डबे. एकावर कंदील काढलेला, तो अध्यक्ष बबनरावांचा. दुसऱ्यावर छत्री, ती त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सोपानरावांची. आता डब्यात मत म्हणून टाकायचं काय? चिठ्ठ्या ठेवल्या तर एखादा बहाद्दर मूठभर टाकून यायचा. तेव्हा बबनरावांनीच तोडगा काढला. ज्याने त्याने आपला हजेरीचा पितळी बिल्ला टाकावा. माणशी बिल्ला एक, म्हणून मतही एक. सगळ्यांनी वाहवा केली. बिल्ल्यावर कामगाराचा नंबर ठोकलेला असतो, ही किरकोळ बाब टाळ्यांच्या गजरात कुणाच्या ध्यानात आली नाही. बबनरावांच्या आली असेल, पण मोठ्या माणसाच्या मनातलं आपण का सांगावं?

मोजणी बबनरावांनी युनियनच्या खोलीत दार लावून स्वतः केली. एवढा त्रास दुसऱ्याला कशाला द्यायचा? सुटीचा भोंगा होईस्तोवर सगळे बिल्ले फाटकावरच्या फळीवर आपापल्या खिळ्याला लटकले, आणि बबनराव निवडून आल्याचं जाहीर झालं. मग फोरमनच्या खोलीत त्यांचा चहा झाला. फोरमनशी त्यांचं साटंलोटं जुनंच. चहा झाल्यावर छत्रीवाली माणसं एकेक करून वाईट वाईट खात्यांत हलायला लागली. खुद्द सोपानराव मात्र कुठे हलले नाहीत. ते उपाध्यक्ष झाले. वैर काय जन्मभर धरायचं असतं? बबनरावांचं मनच मोठं.

हललेल्यांत ज्योतीराम होता. मोशीच्या पुढच्या वाडीतला हा शेतकरी गडी बर्नर-खात्यात इमानाने काम करायचा, त्याला तेजाबाच्या खात्यात टाकलं. तिथे पत्रा तेजाबाच्या टाक्यांत बुडवून धुतात. धूर असा, की शेजारचा माणूस खोकला तरच आहे हे कळावं. हातांची सालं निघाली, डोळे लाल झाले. पण ज्योतीरामचं खरं दुखणं घरी होतं.

त्याची म्हैस नुकतीच व्यालेली. ती त्याच्याखेरीज कुणाच्या हाताला लागत नसे, आणि आता त्याच्याही लागेना. तेजाबाचा वास आला की पान्हा चोरायची, वर लाथ. रिठे लावून झाले, राख लावून झाली.

"अवं, तिला वाटतंय दुसराच कुणी आलाय," त्याची बायको गवराबाई म्हणाली. "ती आटली तर पोरांच्या तोंडात काय घालू मी? तुमचा तो धूर?"

या सगळ्यात खरी गंमत अशी, की ज्योतीरामने मत बबनरावांनाच दिलं होतं. कंदिलाच्या डब्यात, डोळे उघडे ठेवून. त्याला वाटलं, चुकून झालं असेल. मोठ्यांच्या लक्षात आणून दिलं की झालं. अशा भाबड्या माणसांवरच तर युनियना चालतात.

लक्षात आणून द्यायची सोयही होती. पुण्याच्या वरच्या संघटनेचं फर्मान आलं होतं, की निवडणुकीवरून कुणी सूड उगवला तर तक्रार ऐकायला समिती हवी, आणि सुनावणी उघड्यावर हवी. बबनरावांनी समिती लगेच नेमली. अध्यक्ष स्वतः बबनराव. सभासद सोपानराव. तिसरा सभासद सयाजी, म्हणजे ज्योतीरामच्याच वाडीतला, कंदिलाचा पक्का मतदार म्हणून बक्षिसाने नेमलेला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते उगाच नाही.

सयाजी आणि ज्योतीराम रोज एकाच सायकलीवरून यायचे. सयाजी पुढे पायडल मारायचा, ज्योतीराम मागे कॅरिअरवर. अलीकडे सयाजी फार बोलत नसे. वाऱ्याकडे तोंड करून नुसती सायकल हाणायचा.

सुनावणी शिफ्ट सुटल्यावर चिंचेखाली भरली. गर्दी चिकार. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"बोल ज्योतीराम, भिऊ नको," बबनराव म्हणाले. "समिती निःपक्षपाती हाय."

"मला तेजाबात का टाकलं?"

"ते कंपनीनं टाकलं. आमचा काय संबंध?"

"छत्रीवालंच तेवढं गेलं की तिकडं."

"कोण छत्रीवालं?" बबनरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मतदान गुप्त होतं, राव! कुणी कुणाला मत दिलं हे आमास्नी ठावं न्हाई, तर सूड घेणार कुणावर?"

"बिनतोड!" सोपानराव म्हणाले. उपाध्यक्ष झाल्यापासून त्यांना सगळंच बिनतोड वाटे.

ज्योतीरामने सोललेले हात पुढे धरले. "तसं न्हाई अध्यक्ष. चूक झालीय. मी मत तुमालाच दिलं."

इथे बबनरावांचा पारा चढला. सूड घेतला म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण चूक केली म्हणजे काय? मोजणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती.

"खोटं!" ते कडाडले. "साफ खोटं! तुझा बिल्ला छत्रीच्या डब्यात निघाला. या डोळ्यांनी पाह्यलाय मी!"

 मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू गर्दीभर पसरलं.

ज्योतीराम हसला नाही. त्याला मतदानाची सकाळ आठवत होती. त्या पहाटे म्हैस विताना अडली होती, म्हणून त्याला उशीर झाला. फळीवरचा बिल्ला वेळेत उचलला नाही तर दिवस बुडतो. म्हणून एकाला उशीर झाला की दुसऱ्याने पुढे जाऊन दोघांचे बिल्ले उचलायचे, ही त्यांची जुनी रीत. सयाजीने उचलले. ज्योतीराम रेल्वेच्या बाजूच्या कुंपणातून आत शिरला तेव्हा सयाजीने एक बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. नंबर दोघांनीही पाहिला नाही. कधी कोण पाहतं?

म्हणजे छत्रीत पडला तो ज्योतीरामचा बिल्ला, पण मत सयाजीचं.

त्याने सयाजीकडे पाहिलं. सयाजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. शब्द ज्योतीरामच्या ओठांवर आले. एक वाक्य बोललं की तेजाब सुटतं, म्हैस दूध देते, पोरांच्या तोंडाला दूध लागतं. पण मग त्या टाकीवर कोण जाणार, हेही त्याच वाक्यात होतं. सयाजीची बायको गरोदर होती. ज्योतीरामला स्वतःचाच राग आला, आणि सयाजीचा त्याहून जास्त.

"आसंल," तो म्हणाला. "मला आठवत न्हाई."

"ऐकलंत? तक्रार फेटाळली!" बबनरावांनी टेबलावर हात आपटला.

तेव्हा सयाजी उठला. "त्याचा बिल्ला मी टाकला," तो म्हणाला. "त्या दिशी अदलाबदल झाली. छत्रीला मत माझं हाय. ह्यो तेजाबात गेला त्या दिवसापासनं मला ठावं हाय, आन् मी गप बसलो."

आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, की बिल्ल्यांवरचे नंबर वाचले हे चारचौघांत कबूल झालं, तेव्हा निवडणूक रद्द व्हावी. पण ती समिती होती. तिघांपैकी दोघे बाजूला जाऊन कुजबुजले आणि परत येऊन बबनरावांनी निकाल सांगितला. तक्रार मान्य. ज्योतीरामवर घोर अन्याय झाला असून समितीला त्याचं दुःख आहे. त्याला उद्यापासून बर्नर-खात्यात परत घ्यावं. आणि चूक दुरुस्त व्हावी म्हणून सयाजीला तेजाबाच्या खात्यात पाठवावं.

सूड घेणं ही चूक नव्हतीच. चुकला होता फक्त पत्ता. पुण्याला कळवलं गेलं, की आलेल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं. उलट टपाली शाबासकीही आली.

 घरी जाताना इंद्रायणीच्या पुलावर ज्योतीराम म्हणाला, "आधी सांगायचं व्हतंस."

"भ्यालो," सयाजी म्हणाला. ज्योतीरामने यावर शिवी दिली, आणि मग सायकल थांबवायला लावून पुढच्या सीटवर स्वतः बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने फळीवरचे दोन्ही बिल्ले उचलले. सयाजीचा आपल्या खिशात घातला, आपला सयाजीच्या हातावर ठेवला.

"ह्ये काय?" सयाजी म्हणाला.

"आज मी जातो, उद्या तू. तिथला मुकादम बिल्ला बघतो. त्या धुरात तोंड कुणाचं दिसतंय?"

बर्नर-खात्याचा मुकादम मोशीचाच. त्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दिसे.

त्या संध्याकाळी म्हशीने लाथ मारली, दुसऱ्या संध्याकाळी दूध दिलं, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा लाथ. गवराबाई रिकामी चरवी घेऊन उभी राहिली.

"तुमची तक्रार मिटली म्हनला व्हता न्हवं?"

"मिटली की," ज्योतीराम गुडघा चोळत म्हणाला. "अर्धी."